टिटवीच्या अंड्यांना लागलेला पुणेरी हात

वैद्यबुवांनी माझ्या पापण्या वर-खाली करून पाहिल्या आणि निकाल दिला, “पंत, कागद पुरे झाले. आता हिरवं बघत जा आणि लांबचं बघत जा.” सरकारी दफ्तरात तीस वर्षं मी हातभर अंतरापलीकडचं काही बघितलेलं नव्हतं. लांबचं म्हणजे नेमकं काय बघायचं असतं, हे विचारायला मी आमच्या आळीच्या तोंडाशी असलेल्या कासमभाई अत्तारांच्या दुकानी गेलो. ते म्हणाले, “पाखरं बघा. फुकट असतात, आणि त्यांना तुमचं बोलणं ऐकून घ्यावं लागत नाही.”

कासमभाई दर साली उन्हाळा संपत आला, मृगाला पंधरा-वीस दिवस उरले, की मुळामुठेच्या काठाकाठानं वाळ्याची मुळं आणायला जातात. या सुमारास पुण्यातल्या प्रत्येक माठाला वाळा हवा असतो, आणि दुसऱ्याकडून घेतलेल्या वाळ्यात वास कमी नि माती जास्त असते, असं त्यांचं ठाम मत आहे. “चला बरोबर. तीन दिवस. मी खाली बघीन, तुम्ही वर बघा,” ते म्हणाले. थेऊरपर्यंत जायचं आणि परत फिरायचं, असा बेत ठरला.

घरी सांगितलं तेव्हा कुटुंबानं पोळपाटावरून मान वर केली. “तीन दिवस पाखरं बघणार? मग आपल्या अंगणातल्या चिमण्यांनी काय घोडं मारलंय?”

“त्या लांबच्या नाहीत,” मी म्हटलं.

यावर तिनं दशम्या बांधून दिल्या. मोजल्या तर अठरा भरल्या. तीन दिवसांना अठरा दशम्या म्हणजे वहिनींना तुम्ही लवकर परत यायला नको आहात, असा अर्थ कासमभाईंनी काढला.

आता पुष्कळ जण मला विचारतात की इतक्या लांब कशाला, पर्वतीखाली तळं आहे की. आहे ना. तिथे नावेत बसणारे असतात, नावेत बसणाऱ्यांना बघणारे असतात, आणि पर्वती चढून दमलेले काठावर पाय पसरून असतात. बदकांनी तिथून केव्हाच काढता पाय घेतला आहे. कात्रजचं तळं मोठं खरं, पण तिथलं पाणी नळानं शहरात येतं, त्यामुळे पहारा असतो. पाण्याकडे टक लावून बसलेल्या माणसाला पहारेकरी जे प्रश्न विचारतो ते पाखरांविषयी नसतात. नदीला मात्र कोणी हटकणारं नाही. उन्हाळ्याच्या अखेरीला ती बारीक होते, जागोजाग डोह आणि डबकी राहतात, मधे चिखल, आणि कोसाकोसांवरची पाखरं त्या उरलेल्या पाण्याभोवती गोळा होतात. बघणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही.

जाणाऱ्यांनी एवढं सामान घ्यावं: जाड तळाच्या वहाणा, डोईला पांढरं पागोटं (लाल बांधलंत तर बगळे आधीच उठतात, हा अनुभव माझ्या पागोट्याचा), तांब्या, दशम्या, गूळ, कांदा आणि भिजवून खायला सातूचं पीठ. झोपायला एक घोंगडी पुरते. ज्यांना गादी लागते त्यांनी अंगणातल्या चिमण्या बघाव्यात.

पहिल्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आत निघालो. पेठा ओलांडून संगमावर पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. या दिवसांत मुठेत गुडघाभरही पाणी नसतं. काठाच्या खडकांवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. पाण्याच्या कडेला ढोकरी. मातकट रंगाचा हा लहानसा बगळा चिखलात उभा राहिला तर दिसतच नाही, उडाला की पांढराशुभ्र. मी त्याच्याकडे अर्धी घटका बघत उभा राहिलो आणि त्यानं त्या अर्ध्या घटकेत मान सुद्धा हलवली नाही. मग एकदाच चोच मारली, बोटभर मासा गिळला आणि पुन्हा तसाच उभा.

“हा तुमच्या दफ्तरात होता का कामाला?” कासमभाईंनी विचारलं.

दफ्तरात इतकं काम कोणी करत नसे, हे त्यांना कशाला सांगा.

संगमाखाली उताराच्या उथळ पाण्यातून चालत पलीकडे जाता येतं. पाय मात्र शेवाळावर जपून टाकावा. मी जपला नाही, त्यामुळे संगमस्नान झालं. येरवड्याच्या बाजूला नदी रुंद होते आणि मधे चिखलाची बेटं दिसतात. तिथे शेकाटे पाहिले. पाय इतके लांब आणि तांबडे की वरचं शरीर उसनं आणून ठेवल्यासारखं वाटतं. गायबगळे या दिवसांत डोक्यापासून छातीपर्यंत हळदीच्या रंगाचे होतात, लग्नसराई चालू असते त्यांची. एका डोहात चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके असलेली बदकं पोहत होती. त्यांना गावची माणसं हळदीकुंकू म्हणतात, आणि हे नाव ज्यानं ठेवलं असेल त्याला शेला द्यावा, इतकं ते बरोबर आहे.

दुपारी येरवडे गावाबाहेर चिंचेखाली थांबलो. माझी शिदोरी मी एका बाजूला सोडली, कासमभाईंनी त्यांची दुसऱ्या बाजूला. आमच्यात ही रीत पाळली जाते. गप्पा मात्र एकाच सावलीत होतात. उन्हं उतरल्यावर एका नावाड्यानं दोघांना मिळून एका पैशात डोहापलीकडे सोडलं, आणि दिवेलागणीला मुंढव्याच्या चावडीत घोंगड्या टाकल्या. चावडीत ढेकूण आहेत. बाकी गाव चांगलं.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगायला मला फार हौस नाही, पण तीच सांगण्यासारखी आहे.

मुंढव्याखाली नदी मोठं वळण घेते आणि वळणाच्या पोटात वाळूचं रान पसरलेलं आहे. पहाटेच कासमभाई कुदळ घेऊन वाळ्याच्या बेटाकडे गेले. मी एकटाच वाळूतून हिंडत होतो. डोहाच्या दुसऱ्या टोकाला दोन पाणमांजरं खेळत होती. एकानं मासा धरला की दुसरं त्याच्या मागे, मग दोघंही पाण्याखाली गडप. इतकं सुंदर दृश्य की मी मागे मागे सरत पुढे बघत होतो, आणि तेवढ्यात डोक्यावर टिटवी किंचाळायला लागली. खाली बघितलं तर माझ्या टाचेपासून वीतभर अंतरावर चार अंडी.

ज्यांनी टिटवीचं घरटं पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, ते घरटं नसतंच. वाळूत तळहाताएवढी खळगी, भोवती चार खडे, आणि त्यात मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी. उघड्यावर. पाण्यापासून दहा-बारा पावलांवर. आणि माझ्या डोळ्यांदेखत वरच्या वाटेनं गावच्या म्हशी पाण्यावर यायला निघालेल्या.

मला त्या पक्षिणीचा राग आला. एवढं मोठं आभाळ फिरणारी तू, तुला अंडी घालायला म्हशींची वाट सापडली? तीस वर्षं चुकीच्या रुमालात बांधलेले कागद योग्य रुमालात नेऊन ठेवण्यात माझा जन्म गेला आहे. चुकीच्या जागी ठेवलेली वस्तू मला बघवत नाही. मी उपरण्यात ती चारही अंडी अलगद घेतली, वर दरडीपाशी नेली, निर्गुडीच्या झुडपाखाली छानपैकी सावली बघितली, थोडं वाळलं गवत अंथरलं आणि चार कोपऱ्यांना चार अशी नीट मांडून ठेवली. टिटवी नि तिचा नवरा माझ्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होते. मला वाटलं, आभार मानताहेत.

म्हशी आल्या, खळगीशेजारून पाण्यात गेल्या, खळगीला धक्काही न लावता परत गेल्या. त्या रोजच तशा जात असाव्यात, हे मला नंतर सुचलं.

ऊन चढल्यावर कासमभाई वाळ्याची पहिली जुडी घेऊन आले आणि आम्ही वाळवंटाच्या टोकाला दिसणाऱ्या झोपडीकडे गेलो. तिथे तानाबाई नावाची बाई खरबुजांची वाडी करते. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, एकटी. नदी आटली की या वाळूत चर खणून खत घालायचं आणि कलिंगडं, खरबुजं, काकड्या लावायच्या. नदीला पाणी यायच्या आत सगळं काढून न्यायचं. कासमभाईंची तिची जुनी ओळख. तिनं आम्हाला बसायला पोतं दिलं आणि एक पिकलेलं खरबूज फोडलं. फळाला विटाळ नाही, त्यामुळे इथे मी मागे राहिलो नाही.

“भटजी, आनखी घ्या,” ती म्हणाली.

“मी भटजी नाही, कारकून आहे.”

“बरं. भटजी, मीठ देऊ का संगं?”

खाता खाता तिनं आपणहून सांगितलं. माघात लावलेली तिची पहिली वाडी घोडेस्वारांनी तुडवली. मोहिमेवरून परतणारं पथक नदीवर उतरलं, घोडी मोकळी सोडली, आणि सकाळी वेल म्हणून काही राहिला नाही. तिनं पुन्हा बी टोचलं. त्याला उशीर झाला, त्यामुळे सगळ्या गावच्या वाड्या निघून गेल्या तरी तिच्या दहा ओळी अजून हिरव्या होत्या. झोपडीजवळच्या एका वेलाची दोन-चार फळं तेवढी लवकर पिकली होती, त्यातलंच एक आम्ही खात होतो. बाकीची पिकायला आणखी आठ-दहा दिवस हवे होते.

“आन् ह्या साली बी पीक हाताला लागलं न्हाई, तर पाटील ही वाळू दिराला देनार. म्होरल्या सालापास्नं मी कुनाच्या तरी बांधावर. त्येनं सरळ सांगितलंय,” ती म्हणाली.

“आणि त्याआधी पाणी आलं तर?” कासमभाईंनी विचारलं.

“न्हाई यायचं. टिटवी खाली बसलीय की.” तिनं नदीकडे हात केला. “पानी लवकर यायचं आसंल तर टिटवी दरडीला आंडी घालती. औंदा पार पान्याच्या कडंला घातल्यात. रोज सांजसकाळ बघून येते मी. आज सकाळी शेनखतात आडकले, जायला जमलं न्हाई. आता जाईन उनं उतरल्यावर.”

माझ्या तोंडात खरबुजाची मोठी फोड होती. ती गिळायला मला बराच वेळ लागला. कासमभाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या उपरण्याला लागलेल्या वाळूकडे पाहिलं. ज्या माणसाला दहा पावलं दुरून वाळ्याची जात ओळखता येते, त्याला माझं तोंड ओळखता येणार नाही असं होईल का?

झोपडीपासून लांब आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते वाळूत बसलेच. पोट धरून हसले, मग हसायचे थांबले.

“पंत, तुम्हाला लांबचं बघायला सांगितलं होतं. हात लावायला नाही.”

“आता काय करू?”

“जाऊन सांगा तिला.”

पण मला सांगवेना. खरं कारण लिहितो: मला लाज वाटत होती. तिनं मला भटजी म्हणून का होईना, मान दिला होता, आणि मी तिच्यापुढे उभा राहून म्हणायचं की बाई, तुमची टिटवी मी उचलून ठेवली? त्यापेक्षा गुपचूप जाऊन अंडी खाली ठेवू, कोणाला कळणार नाही, असा मी बेत केला. सरकारी कामात असे बेत मी पुष्कळ पार पाडलेले आहेत. पण दुपारभर डोहावर गावच्या बाया धुणं धूत होत्या, आणि त्या उठल्या तोवर तानाबाई नदीकडे निघालेली दिसली. आम्ही लव्हाळ्यामागे थांबलो.

ती रिकाम्या खळगीपाशी गेली. वाकून बघितलं. मग टिटव्या जिकडे ओरडत होत्या तिकडे, दरडीकडे चालत गेली आणि निर्गुडीपाशी थबकली. बराच वेळ उभी होती. मग खालीच बसली. कपाळाला हात लावून बसलेलं माणूस लांबूनसुद्धा ओळखू येतं. डोळ्यांना बरं पडेल म्हणून मी लांबचं बघायला गेलो होतो, आणि ते मला बघवत नव्हतं.

आम्ही झोपडीशी गेलो तेव्हा तिनं विळा काढलेला होता. “टिटवीनं आंडी वर न्हेली,” ती कासमभाईंना म्हणाली. “माझ्या आज्यानं सांगितलं हुतं आसं हुतंय म्हनून, मी कदी बघितलं न्हवतं. लय मोठं पानी येनार. आज रातीला न्हाई तर उद्याला.” आणि तिनं पहिल्या ओळीची कच्ची फळं तोडायला सुरुवात केली. कच्ची का होईना, भाजीला विकली जातील. वाहून गेली तर तेवढंही नाही. वेल उपटून बाजूला टाकत होती.

मी म्हणालो, “बाई, जरा थांबा.” ती म्हणाली, “भटजी, थांबाया येळ न्हाई.” आणि मी गप्प बसलो. आजवर मी जे जे गप्प बसलो त्यात हे सर्वांत वाईट.

रात्री चावडीत कासमभाईंनी घोंगडीतून एवढंच विचारलं, “पंत, उद्या सकाळपर्यंत किती ओळी उरतील?” मग ते घोरायला लागले. मला त्यांच्या घोरण्याचा कधी इतका राग आला नव्हता.

तिसऱ्या दिवशी आम्हाला थेऊरला जायचं होतं. थेऊरचा रस्ता कसा आहे, तिथे उतरायची सोय काय, करकोचे किती दिसतात, हे मला माहीत नाही. ज्यांना माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारावं. मी उजाडताच वाडीवर गेलो. दोन ओळी उपटून झाल्या होत्या. तानाबाई तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी बसली होती.

“बाई, विळा खाली ठेवा. अंडी टिटवीनं नेलेली नाहीत. मी नेली.”

तिला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. म्हशी, उपरणं, निर्गुडी, गवत, सगळं. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला समजत नव्हतं.

“चारी टोकं भाईर करून तुमीच ठिवली?” तिनं शेवटी विचारलं.

“म्हणजे?”

“टिटवी टोकं आत करून मांडती. काल बघितलं तवा मला वाटलं, पान्याच्या भ्यानं तिला काय सुदरंना झालंय.” ती उठली. “दोन वळी, भटजी. दोन वळी उपटल्या मी तुमच्यापायी. काल सांजच्याला तोंड न्हवतं तुमाला?”

मी म्हटलं, “होतं. लाज वाटली.”

“लाजंनं माजं खरबूज पिकत न्हाई,” ती म्हणाली आणि नदीकडे चालू लागली. मी मागोमाग. कासमभाई माझ्या मागे, आणि या खेपेला ते हसत नव्हते.

अंडी तशीच होती. मी ती उपरण्यात घेतली आणि तिच्या देखरेखीखाली त्याच खळगीत ठेवली. “टोकं आत,” ती म्हणाली. मी टोकं आत केली. “त्यो खडा हिकडं.” मी खडा तिकडे सरकवला. दफ्तरात वरिष्ठांनी मला इतकं कधी राबवलं नाही. मग आम्ही तिघं लव्हाळ्यामागे जाऊन बसलो.

आता पाखरं कशी बघावीत ते सांगतो, कारण मला ते त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. आदल्या दोन दिवसांत मी नुसता डोळे फिरवत होतो. तुमचं काहीतरी त्या पाखरावर अडलेलं असेल, तेव्हाच तुम्ही त्याला बघता. टिटव्या दोन्ही होत्या, पण लांब. मादी वाळूत चार पावलं पळायची, थांबायची, काही नसलेलं टिपल्यासारखं करायची, आणि खळगीकडे न बघता दुसरीकडेच जायची. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. ऊन वाढत होतं. अंडी उघडी होती. हिनं अंडी टाकली तर या बाईच्या उरलेल्या आठ ओळींचं काय करायचं, हे ना तिला कळणार, ना मला.

“ती येत नाहीये,” मी पुटपुटलो.

“तोंड मिटून ऱ्हावा,” तानाबाई म्हणाली.

मग नर पाण्यात गेला. उथळ पाण्यात बसून त्यानं पोट भिजवलं, पिसं ओली केली, आणि सरळ खळगीशी येऊन अंड्यांवर उभा राहिला. थोडा हलला. पोटाचं पाणी अंड्यांवर गळत असावं. पाठोपाठ मादी पळत आली. नर बाजूला झाला. तिनं चोचीनं एक अंडं जरासं सरकवलं, आणि बसली.

“बसली,” तानाबाई म्हणाली. मग उठून लुगडं झटकलं. “आता ऱ्हाऊ देत आठ वळी.”

कासमभाईंनी आणि मी तिच्या वाडीला दुपारपर्यंत पाणी घातलं. डोहातून घागर भरायची, वाळूतून चालत आणायची आणि प्रत्येक वेलाच्या बुडाशी ओतायची. मी बारा घागरी आणल्या. माझ्या तीन घागरींत रस्त्यातच निम्मं पाणी सांडलं, हे कासमभाई अजून सांगत असतात. संध्याकाळी आम्ही पुण्याची वाट धरली. दशम्या संपल्या होत्या. कुटुंबाचा हिशोब बरोबर होता, असं म्हणायचं.

घरी आल्यावर मी रोज आभाळाकडे बघायला लागलो. कधी नव्हे तो ढगांचा रंग कळायला लागला. पश्चिमेला काळं दिसलं की जेवण जात नसे. दुकानी जाऊन कासमभाईंना विचारायचो, “नदीला काय?” ते म्हणायचे, “मी अत्तर विकतो, पंत. नदी नाही.” आणि तरी रोज संगमावर जाऊन पाणी बघून यायचे, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

बाराव्या-तेराव्या दिवशी त्यांचा निरोप आला की वाड्यापुढच्या मंडईत या. गेलो तर तानाबाई तीन पाट्या पुढे मांडून बसलेली. पिकलेली खरबुजं, वास सगळीकडे.

“पानी आलं?” मी तिच्याच बोलीत विचारलं.

“आलं की. परवा दिशी. वरच्या अंगाला वळीव पडला आन् एका दिसात वाळू बुडाली. आठातल्या सा वळी निगाल्या, दोन गेल्या. पाटलानं पाट्या बघितल्या. म्हनाला, वाळू तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे.”

मला केवढं बरं वाटलं ते मी तिला सांगितलं नाही, इथे लिहितो. मग विचारलं, “आणि टिटवी?”

“पान्याच्या आदी दोन दीस फुटली आंडी. तीन पिल्लं पळाली दरडीवर, आयबापाच्या मागनं. एक गार पडलं.”

ते चौथं कोणत्या कोपऱ्यातलं होतं, कोण जाणे. पण हातचा मुद्दा सोडला तर मी कारकून कसला? म्हणालो, “पण बाई, टिटवीनं खाली घातली होती म्हणजे पाणी उशिरा यायला हवं होतं. हे तर वेळेच्या आधीच आलं. म्हणजे तुमची टिटवी चुकलीच की.”

“चुकतीच ती. सालाआड चुकती.” तिनं एक खरबूज उचलून माझ्या हातात दिलं. “पाखरू हाय भटजी. तिला काय ठावं पान्याचं?”

“मग रोज दोनदा जाऊन बघत कशाला होता?”

ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला भाव सांगत होती. तो सांगून झाल्यावर माझ्याकडे वळली. “घरधनी हुते तवा सकाळच्याला उठून त्यास्नी इचारायची, आज काय करूया. त्यास्नी बी काय कळत न्हवतं. पन कुनाला तरी इचारल्याबिगर माजा हात चालत न्हाई.”

खरबुजाचा भाव मला तिनं दुप्पट लावला. मी घासाघीस केली नाही. कासमभाई म्हणाले, हे पुण्यात पहिल्यांदाच घडलं.

ज्यांना ही फेरी करायची असेल त्यांनी जरूर करावी. मृगाच्या आधी निघावं, येरवड्याला चिंचेखाली थांबावं, मुंढव्याच्या चावडीत झोपू नये. वाळूत अंडी दिसली तर हात मागे बांधून उभं राहावं. वैद्यबुवांनी परवा पुन्हा डोळे तपासले आणि फरक आहे म्हणाले. मला काही फरक दिसत नाही, पण त्यांचा उत्साह मोडवला नाही.

मंडईतून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर बसलो होतो. कुटुंबानं माजघरातून विचारलं, “अहो, दुपारी भाजी कुठली करू?” हे ती लग्न झाल्यापासून रोज विचारते, आणि मी रोज मान वर न करता सांगतो, “कर काहीही.” भाजीतलं मला काही कळत नाही, हे तिला माहीत आहे, मग ही मला रोज विचारते कशाला, असं मला वाटायचं.

मी उठून माजघराच्या दाराशी गेलो. म्हटलं, “काय काय आहे घरात?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हातातली पळी खाली ठेवून जवळ आली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.